सुचत नाही, की फार लवकर सुचतं?

पत्राचा सारांश: पुठ्ठ्याची खोकी चिकटवणाऱ्या लाइनवर १५ वर्षं मेंटेनन्स सांभाळणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र आहे. लाइनवर पाण्यातला पांढरा गोंद वापरतात. लाइन थोडा वेळ थांबली की गोंदाच्या नोझलचं तोंड चोंदतं. एका शिफ्टमध्ये तीनदा नोझल खोलावी लागते आणि दर वेळी १० ते १२ मिनिटं जातात. त्यांनी मोठ्या छिद्राची नोझल लावून पाहिली, तर गोंद ओघळला. गोंद पातळ केला, तर खोकी पुढे जाऊन उकलली. शेवटी सफाईची आठवण करून देणारा अलार्म बसवला. मग एका बैठकीत सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या मुलीने विचारलं, "सुट्टीत सगळी लाइन एकदम थांबवायलाच हवी का?" सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. "इतकी वर्षं त्या मशीनपाशी उभा आहे, मग मला हे का सुचलं नाही?" असं ते विचारतात. साहेब 'जरा वेगळा विचार करा' म्हणतात. दर आठवड्याला आठ जण अर्धा तास 'आयडिया मीटिंग'ला बसतात, पण त्यात दोघेच बोलतात. कल्पकता जन्मजातच असते का? वयानुसार आटते का? एखादा कोर्स करावा का?

नमस्कार,

'मला काही सुचतच नाही,' असं तुम्ही लिहिलंय. पण त्याच पत्रात तुम्ही करून पाहिलेले तीन उपायही आहेत. न सुचणाऱ्या माणसाचं हे लक्षण नव्हे. तुमची अडचण बरोबर उलटी आहे, तुम्हाला फार लवकर सुचतं. नोझल चोंदली म्हटलं की तुमचा हात आधी छिद्राच्या मापाकडे जातो, मग गोंदाच्या घट्टपणाकडे आणि मग सफाईच्या वेळापत्रकाकडे. आजवर चोंदलेल्या नळ्या, जाळ्या, फिल्टर तुम्ही याच वाटेने मोकळे केले असणार. पहिलं उत्तर येतं आणि खुर्ची अडवून बसतं, मग दुसऱ्याला दारातूनच परत जावं लागतं.

ही गोष्ट प्रयोगात अगदी स्वच्छ दिसलेली आहे. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये पाण्याच्या भांड्यांची गणितं वापरून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी आहेत आणि १०० मापं पाणी मोजून हवं आहे. उत्तर असं: मोठं भांडं भरायचं, त्यातून मधलं एकदा आणि लहान दोनदा भरून काढायचं. १२७ मधून २१ गेले, दोनदा ३ गेले, उरले १००. अशी चार-पाच गणितं याच रीतीने सुटणारी दिली. मग आलं २३, ४९ आणि ३ हे गणित, हवेत २०. इथेही तीच लांबची रीत चालते, पण २३ मधून ३ काढले की काम संपतं. आधीची गणितं सोडवलेल्या बहुतेकांनी लांबचीच रीत वापरली. पुढे २८, ७६ आणि ३ मधून २५ मिळवायचे होते. तिथे जुनी रीत चालतच नाही, २८ मधून ३ काढणं हाच मार्ग आहे. सवय लागलेल्यांपैकी बरेच जण तिथे अडून बसले. ज्यांनी आधीची गणितं सोडवलीच नव्हती, त्यांना ते चटकन सुटलं.

तुमची नवी सहकारी ही दुसऱ्या गटातली आहे. ती तुमच्याहून कल्पक आहे की नाही हे त्या एका प्रश्नावरून ठरत नाही. तिने तुमची आधीची गणितं सोडवलेली नाहीत, एवढंच त्यावरून कळतं. वयाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आड येते ती सवय, आणि सवय चार गणितांतही लागते.

म्हणून अनुभवाला शत्रू समजू नका. बहुतेक ब्रेकडाउनमध्ये पहिलं उत्तरच बरोबर असतं आणि तिथे शक्कल लढवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. वेगळ्या विचाराची गरज कुठे आहे, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: एकाच त्रासावर एकाच जातीचा उपाय तुम्ही तिसऱ्यांदा करताय का? मोठी नोझल, पातळ गोंद आणि जास्त सफाई हे तीन उपाय दिसतात वेगळे, पण तिन्हींची जात एक आहे, 'अडकलेलं मोकळं करा'. तिसरा फसला की चौथा शोधायचा नाही. तिथे थांबायचं आणि प्रश्न नव्याने लिहायचा.

साहेबांच्या 'वेगळा विचार करा' या सांगण्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. ती सूचना म्हणून फारशी उपयोगाची नाही. नऊ टिंबांचं कोडं तुम्ही पाहिलं असेल: तीन ओळींत तीन-तीन टिंबं, पेन न उचलता चार सरळ रेषांनी सगळी जोडायची. रेषा टिंबांच्या चौकोनाबाहेर न्याव्या लागतात. रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ अल्बा यांनी १९८१ मध्ये लोकांना हे आधीच सांगून पाहिलं. तरीही बहुतेकांना कोडं सुटलं नाही. चौकटीबाहेर जा, एवढं कळल्याने बाहेर नेमकं कुठे जायचं ते कळत नाही. त्यासाठी हाताने करायची कामं लागतात. ती तुमच्याच नोझलवर करून पाहू.

पहिलं काम म्हणजे तक्रारीतलं क्रियापद बदलणं. 'नोझल चोंदते' हे निदान झालं, आणि त्यातच उपाय दडलेला आहे: चोंदलंय तर मोकळं करा. त्याऐवजी तिथे डोळ्यांना काय दिसतं ते लिहा. पांढऱ्या गोंदात पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. लाइन थांबली की नोझलच्या टोकाशी एक थेंब उघडा राहतो. त्यातलं पाणी हवेत उडतं, कण एकमेकांजवळ येतात आणि थेंबावर साय धरते. ही साय पुन्हा पाण्यात विरघळत नाही, फार तर भिजून मऊ पडते. म्हणून नुसतं पाणी मारून भागत नाही, नोझल खोलावी लागते. आता वाक्य असं झालं: 'थांबलेल्या थेंबातलं पाणी हवेत उडतं.' या वाक्यातला एकेक शब्द म्हणजे एकेक दार आहे. थेंब थांबतो का? तो उघडा का असतो? हवा कोरडी का? थेंब टोकाशी राहतोच का? 'चोंदते' या शब्दात यातलं एकही दार नव्हतं.

दुसरं काम: ज्या दोन गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत आणि एकमेकींच्या विरुद्ध आहेत, त्या शेजारी शेजारी लिहा. गोंद लवकर वाळायला हवा, आणि गोंद वाळता कामा नये. जेनरिक आल्टशुलर या सोव्हिएत अभियंत्याने १९४० च्या दशकापासून पेटंटांचा अभ्यास करून एक पद्धत उभी केली. चांगल्या शोधांच्या मुळाशी बहुधा असा विरोध असतो आणि शोधक त्यात तडजोड करत नाही, तो विरोधच सोडवतो, हे तिचं सूत्र. तुम्ही गोंद पातळ केलात ती तडजोड होती. गोंदात पाणी वाढलं, म्हणजे पुठ्ठ्यावर बाहेर पडायचं पाणीही वाढलं. पकड धरायला उशीर झाला, दाबातून सुटेपर्यंत जोड कच्चाच राहिला आणि खोकं उकललं. इकडे टोकावरच्या थेंबाला जरा जास्त वेळ मिळाला, पण साय धरायची ती धरलीच. दोन्हींचं थोडं थोडं राखायला गेलं की दोन्ही नाराज होतात.

तडजोडीऐवजी विचारायचं: या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी, एकाच परिस्थितीत हव्या आहेत का? नाहीत. वाळायला हवंय पुठ्ठ्यावर, न वाळायला हवंय टोकाशी. वाळू नये ते फक्त थांबलेल्या वेळात. आणखी एक फरक बारकाईने पाहिल्यावर दिसतो: पुठ्ठ्यावर बरंचसं पाणी पुठ्ठा शोषून घेतो, टोकाशी ते फक्त हवेत जातं. म्हणजे टोकाशी हवेचं दार बंद केलं तर खोकं चिकटण्यात काडीचाही फरक पडत नाही. हे एकदा दिसलं की उपायांची रांग लागते.

तिसरं काम म्हणजे उसनवारी. 'वापरेपर्यंत वाळू नये आणि वापरल्यावर लगेच वाळावं' हा त्रास आणखी कुणाला आहे? फाउंटन पेनला टोपण असतं. तुमच्या ऑफिसातल्या इंकजेट प्रिंटरकडे पाहा. काम संपलं की त्याचं शाई सोडणारं डोकं बाजूला सरकतं आणि रबराच्या टोपणावर जाऊन बसतं. मधूनमधून ते थोडी शाई बाहेर टाकतं, म्हणजे टोकाशी ताजी शाई येते. आपली पापणी हीच दोन्ही कामं करते, झाकते आणि दर काही सेकंदांनी ओलावा पसरते. तुमचा प्रश्न तिघांनी सोडवून ठेवलेला आहे.

अशी उसनवारी आपोआप होत नाही, हे मात्र माहीत असू द्या. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये एक कोडं दिलं. पोटातली गाठ किरणांनी नष्ट करायची आहे. किरण तीव्र असले तर वाटेतली निरोगी पेशी मरते, सौम्य असले तर गाठ मरत नाही. उत्तर असं की सौम्य किरण अनेक दिशांनी सोडायचे आणि गाठीवर एकत्र आणायचे. स्वतःहून हे दहातल्या साधारण एकालाच जमलं. दुसऱ्या काही लोकांना कोड्याआधी एक गोष्ट वाचायला दिली होती. तीत सेनापती सैन्याच्या लहान तुकड्या करून वेगवेगळ्या वाटांनी किल्ल्यावर धाडतो. उत्तर तिथेच होतं, तरीही बहुतेकांनी ते उचललं नाही. 'मघाची गोष्ट वापरून पाहा' म्हटल्यावर मात्र चारातल्या तिघांच्या आसपास लोकांना कोडं सुटलं. माहिती डोक्यात असणं आणि ती हाताशी येणं यात एवढं अंतर आहे. ते कापायचं तर प्रश्न मशीनच्या भाषेतून काढून साध्या भाषेत लिहावा लागतो. 'ग्लू नोझल' म्हटलं की फक्त ग्लू नोझलच आठवते. 'ओली वस्तू अरुंद तोंडाशी उघडी राहते' म्हटलं की पेन आठवतं, पापणी आठवते.

हेच वस्तूंनाही लागू आहे. कार्ल डंकरचं जुनं कोडं आहे: मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली एक डबी, यांतून मेणबत्ती भिंतीवर उभी करायची. डबी रिकामी करून ती भिंतीला ठोकायची आणि तिच्यावर मेणबत्ती बसवायची, हे उत्तर. डबीत टाचण्या भरलेल्या असल्या तर लोक अडतात, कारण डबी त्यांना टाचण्यांची जागा म्हणूनच दिसते. रिकामी डबी शेजारी ठेवली की कितीतरी जास्त लोकांना उत्तर सापडतं. टोनी मॅककॅफ्री यांनी २०१२ मध्ये यावरचा उपाय तपासला. प्रत्येक वस्तू तिच्या भागांत फोडायची आणि प्रत्येक भागाबद्दल दोन प्रश्न विचारायचे: याचे आणखी तुकडे पडतील का? मी दिलेल्या नावातच त्याचा उपयोग दडलाय का? दडला असेल तर आकार आणि पदार्थ सांगणारं साधं नाव द्यायचं. 'वात' म्हटलं की जळणं येतं, 'सुताचा दोरा' म्हटलं की बांधणं सुचतं. हे शिकवलेल्या गटाने न शिकवलेल्यांपेक्षा ६७ टक्के जास्त कोडी सोडवली. असं नाव बदलायला दहा मिनिटं पुरतात. तुमच्या मशीनवर आधीपासून काय काय आहे त्याची यादी याच रीतीने करा. 'साफसफाईची हवा' म्हणजे दाबाखालची हवा. 'अलार्म' म्हणजे ठरल्या वेळी वीज देणारा स्विच, आणि त्या विजेने भोंगाच वाजवला पाहिजे असं कुठे आहे?

आता कागदावर काय काय येतं ते पाहा. लाइन थांबली की टोकाखाली ओल्या स्पंजची वाटी सरकवायची. रबराचं टोपण बसवायचं. दर दोन-तीन मिनिटांनी एक थेंब खालच्या डब्यात टाकायचा, त्यासाठी अलार्मचाच टायमर वापरायचा. थांबताना गोंद जरा मागे ओढून घ्यायचा, म्हणजे टोकाशी थेंबच राहणार नाही. सुट्ट्या पाळीपाळीने द्यायच्या, म्हणजे लाइन थांबणारच नाही. ही शेवटची तुमच्या सहकारीची कल्पना, आणि ती या रांगेतली एक आहे, रांगेबाहेरचा चमत्कार नाही. तीच सर्वात चांगली आहे असंही नाही. तिला माणसं जास्त लागतात, आणि लाइन दुसऱ्याच कशाने बंद पडली तर नोझल पुन्हा चोंदणारच.

प्रत्येकाची खोड आधीच लिहून ठेवा. स्पंजवर काही दिवसांत गोंदाची साय चढते आणि तोच घाण करू लागतो, म्हणून तो बदलण्याची ठरलेली वेळ हवी. ओल्या वाटीतलं पाणी पहिल्या खोक्यावर गेलं तर तिथला जोड कच्चा राहतो. त्यामुळे सुरू करताना एक थेंब वाया घालवणं आलं. टोपण घट्ट बसलं नाही तर ते असून नसल्यासारखं. गोंद मागे ओढताना हवा आत गेली की सुरुवातीच्या खोक्यांवर गोंदाची रेघ तुटते.

यादीत एक रकाना हमखास रिकामा राहतो, 'काय काढून टाकता येईल?' २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना रचना, मजकूर, आराखडे सुधारायला दिले होते. काही काढल्याने काम सोपं होत असतानाही लोकांनी भर घालण्याचाच मार्ग धरला. काढण्याचाही पर्याय आहे याची आठवण करून दिली, तेव्हा तो जास्त जणांना दिसला. तुम्हीही अलार्म बसवलात, म्हणजे भरच घातलीत. म्हणून हा रकाना आधीच आखून ठेवा आणि तो भरल्याशिवाय पान उलटू नका.

किती उत्तरं लिहायची? मोजून वीस. आकडा मनाला येईल तो नाही, त्याला कारण आहे. पहिली पाच-सात उत्तरं ओळखीची असतात, कुणीही देईल अशी. मग एक कोरडा पट्टा लागतो आणि वाटतं, संपलं. इथेच बहुतेक जण उठतात. २०२० मध्ये ब्रायन लुकास आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी दाखवलं, की पुढच्या फेऱ्यांत आपल्या कल्पनांचा दर्जा घसरेल असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात तो टिकून राहतो किंवा सुधारतो. म्हणजे उठावंसं वाटणं ही आटल्याची खूण नव्हे. तेव्हा १५ मिनिटांचा गजर लावा आणि एकट्याने लिहा. दोन चुका टाळा. एक, लिहिता लिहिता 'हे खर्चिक', 'हे साहेबांना पटणार नाही' असे शेरे मारू नका. शेऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशीचा वेळ ठेवा. दुसरी, एकाच उत्तराची पिल्लं मोजू नका. लाल टोपण, निळं टोपण, मोठं टोपण हे सगळं एकच. दहाव्या उत्तरानंतर मुद्दाम जात बदला. वेळेवरचा उपाय झाला असेल तर जागेवरचा शोधा, जागेवरचा झाला असेल तर वस्तू काढून टाकण्याचा.

त्यानंतर कागद मिटा आणि बाजूला ठेवा. प्रश्न बाजूला ठेवल्यावर उत्तर सापडतं ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. उट ना सिओ आणि थॉमस ओर्मरॉड यांनी २००९ मध्ये ११७ अभ्यास एकत्र तपासले आणि विश्रांतीचा फायदा त्यांना दिसला. पण आधी जितकं जास्त झगडलं असेल तितका तो जास्त होता, आणि मधल्या वेळेत हलकं काम असलं तर बरा. रात्री प्रश्न ऐकला आणि सकाळी उत्तर मिळालं, या आशेवर बसू नका. आधी वीस ओळी, मग फेरफटका. उत्तर बहुधा हात धुताना किंवा जिना चढताना येतं, म्हणून खिशात कागदाचा तुकडा असू द्या.

तुमच्या बैठकीबद्दल मात्र मी जरा ठामपणे लिहिणार आहे, कारण तिथे तुमच्या आठ जणांचे आठवड्याला चार मनुष्यतास खर्च होताहेत. सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने कल्पना मांडायच्या, ही रीत ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने रुजवली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली गेली. चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या आणि मग एकत्र केलेल्या कल्पना जास्त निघाल्या. पुढे १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी मुख्य कारण शोधलं. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबलेल्या वेळात त्यांची कल्पना तरी विसरते किंवा तिची हवा तरी जाते. दोघेच बोलतात याचा अर्थ बाकी सहांकडे काही नाही असा नव्हे. त्यांची पाळी येईपर्यंत प्रश्नच शिळा होतो.

बैठकीची अर्धीच चौकट बदलून पाहा. प्रश्न एक दिवस आधी, थेंबाच्या भाषेत लिहून द्या. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. मग प्रत्येकाने एकच कल्पना वाचायची, पाळीपाळीने, टीका न करता, पानं संपेपर्यंत. सर्वात अनुभवी माणसाने, म्हणजे तुम्ही, सर्वात शेवटी वाचायचं. तुम्ही आधी बोललात तर बाकीच्यांची पानं तुमच्या उत्तराभोवती घुटमळतील. चर्चा दुसऱ्या बैठकीत. साहेबांना कारण विचारायचं असेल तर चार मनुष्यतासांचा हिशेब दाखवा.

प्रयोग करताना एकच गोष्ट बदला. दोन नोझल असतील तर एकीवर स्पंजची वाटी, दुसरी होती तशीच, पाच दिवस. रोज तीन आकडे लिहा: किती वेळा खोलावी लागली, किती मिनिटं गेली, सुरू केल्यावर पहिल्या दहा खोक्यांतली किती उकलली. सुरुवात करण्याआधीच ठरवा, की कोणता आकडा आला तर हा उपाय सोडायचा. हे आधी ठरवलं नाही तर स्वतःच्या कल्पनेचं प्रेम आड येतं. हात घालण्याआधी मशीन बंद करून लॉक करा. सुरक्षेची जाळी आणि इंटरलॉक (जाळी उघडली की मशीन थांबवणारा स्विच) यांच्या बाबतीत मात्र कसलीही शक्कल लढवू नका.

ज्यांच्याकडे नोझल नाही त्यांच्यासाठीही थोडं. कार्यालयात अर्ज अपुरे भरून येतात, म्हणून अर्जात सूचना वाढतात आणि मग अर्ज कुणी वाचतच नाही. इथला विरोध असा: सगळी माहिती हवी, आणि थोडीच विचारायला हवी. वेळेने वेगळं करा. आज काम सुरू व्हायला लागतात तेवढे तीन रकाने आज, बाकीचे ज्या दिवशी खरंच लागतील त्या दिवशी. शिक्षिकेला मूल एकट्याने सोडवायलाही हवं आणि अडलं तर मदतही हवी. उत्तर घडी घातलेल्या कागदाच्या आत ठेवता येतं, एकेक घडी उघडली की एकेकच सूचना. दोन्हीकडे आधी क्रियापद बदललं, मग विरोध लिहिला, मग वेळ किंवा जागा वेगळी केली.

कोर्स करावा का? तुमचाच अडलेला प्रश्न घेऊन या म्हणणारा असेल, तर जरूर करा. दिवसभर कोडी सोडवून घेणारा असेल, तर कोडी सोडवण्यात तरबेज व्हाल, नोझलला त्याचा फायदा होईलच असं नाही. तेवढ्या दिवसात प्रत्यक्ष एक प्रश्न वीस ओळींपर्यंत नेलात तर जास्त मिळवाल.

राहिली ती मुलगी. तुम्हाला बैठकीत खुजं वाटलं, हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत आणि ते अगदी समजण्यासारखं आहे. पण तिच्याकडे नवी नजर आहे, आणि तुमच्याकडे ती नजर कुठे लावायची याची माहिती आहे. पाळीपाळीच्या सुट्टीत काय मोडेल हे तिला दिसणार नाही. स्पंज बदलायला विसरतील हे फक्त तुम्हालाच ठाऊक. तिच्या सूचनेला तिच्याच नावाने वहीत जागा द्या आणि शेजारी तुमची खोडांची यादी जोडा.

एक आकडा मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. लाइन थांबल्यापासून थेंबावर साय धरायला किती मिनिटं लागतात? दोन लागत असतील तर टोपण थांबल्याबरोबर, आपोआप बसायला हवं, माणसाच्या भरवशावर चालणार नाही. पंधरा लागत असतील तर सुट्टीला निघताना हाताने सरकवलेली वाटी पुरेल, आणि छोट्या थांब्यांचा प्रश्नच उरत नाही. वीस ओळी लिहायला बसण्याआधी हे कळायला हवं. पुढच्या सुट्टीत घड्याळ आणि एक बारीक काडी घेऊन नोझलपाशी उभे राहा. दर मिनिटाला थेंबाला काडी लावून पाहा आणि काडीला पापुद्रा आला ती वेळ लिहा. तिलाही सोबत बोलवा.